जवळचं माणूस

३ जून
आले बाबा एकदाची! वृद्धाश्रमात नोकरी म्हटल्यावर मैत्रिणींनी नाकं मुरडली, पण इथे कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना राहता येतं. आईला सोळा नंबरची खोली मिळाली. ती शेवटची, पुढे कोरी भिंत. आल्या आल्या तिने माळ्याच्या कामात तीन चुका काढल्या. म्हणजे स्वारी खुशीत आहे.

माझं काम म्हणजे निवृत्त झालेल्या भाऊ कारकुनांच्या अकरा स्प्रेडशीट मोडीत काढून सगळं ओपन सोर्स डेटाबेसमध्ये आणायचं. कोड जवळपास लिहावाच लागत नाही. तक्ते मांडायचे, एकमेकांना जोडायचे, आणि माहिती आपल्याच सर्व्हरवर राहते. भाऊंच्या शीटमध्ये एकाच आजोबांची तीन वयं सापडली. साष्टांग नमस्कार!

६ जून
शीट आत घेतल्या. माणसं एक्केचाळीस, नोंदी बेचाळीस. भाऊंनी एक ओळ लपवून ठेवली होती, आणि लपवलेलंही सोबत येतं हे मी विसरले. नाव नाही, वय नाही, नुसतं ‘खोली १७’. तशी खोलीच नाही इथे. ‘जवळचं माणूस’ हा रकाना मीच सक्तीचा केलाय, त्यामुळे तो भरल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. तात्पुरतं माझं नाव टाकलं. सोमवारी बघू.

९ जून
स्वयंपाकघरातल्या ताई आता टॅबलेटवरची यादी बघून ताटं लावतात. आज बेचाळीस लावली. सतराचं ताट भिंतीपाशी स्टुलावर ठेवून आल्या. यादीत आहे तर ठेवायला नको का, म्हणाल्या. मला हसू आवरेना. अर्ध्या तासाने ताट परत आलं ते चाटूनपुसून लख्ख.

मांजर असेल.

१० जून
सतराच्या नोंदीत वय भरलंय, बहात्तर. आईचं वय. बदलांच्या इतिहासात माझं नाव, वेळ दुपारी अडीचची. अडीचला मी आईचे केस विंचरत होते.

आई म्हणाली, भिंतीपलीकडची बाई फार चौकशा करते. तू लहानपणी कशाला घाबरायचीस, तेसुद्धा तिने विचारून घेतलं म्हणे. मी भिंतीला कान लावला आणि लगेच काढला. भीती वाटली.

११ जून
भाऊंना फोन केला. आधी थट्टा करत होते, सतरा म्हटल्यावर सगळं सांगू लागले. ती ओळ त्यांनी कितीदा पुसली, दुसऱ्या दिवशी परत यायची. लपवल्यावर मात्र शांत राहिली, कारण शीटमध्ये ती कुणालाच जोडलेली नव्हती. तुम्ही तिला कुणाशी जोडलं तर नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी फोन ठेवला.

सतरामधून माझं नाव काढते, पान पुन्हा उघडते — आहेच.

१२ जून
सतराला आता नावही आहे. आईचं. सोळाच्या नोंदीत नाव कोरं, वय कोरं —

सकाळी आईने मला विचारलं, ताई, तुम्ही कुणाच्या? परक्या बाईशी बोलते तशी. आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून आईच्याच आवाजात मला हाक आली. घरच्या नावाने.

१३ जून, सकाळ
ताटं एक्केचाळीस. आईचं नाही. ताई म्हणाल्या, सोळा तर रिकामीच आहे. आई त्यांच्यासमोर बसली होती — त्यांना दिसेना —

दुपार
आईला इथून न्यायचं तर ती मला हात लावू देत नाही. ओरडते.

सतरा पुसायचं बटण दाबलं. सूचना आली: जोडलेल्या दोन नोंदीही पुसल्या जातील. एक माझी, कर्मचाऱ्यांच्या तक्त्यातली. दुसरी आईची, कारण तिचं जवळचं माणूस मीच.

भाऊंकडे ती एकटीच पुसली जायची, म्हणून परत यायची. इथे जोडलेल्यासकट जाईल. बहुतेक.

आईच्या नोंदीत नाव, वय हाताने भरलं. जवळचं माणूस — माझं नाव काढून स्वयंपाकघरातल्या ताईंचं टाकलं. त्या मायाळू आहेत. हा बदल टिकला. सतराला मीच हवी होते.

पुन्हा सूचना. आता एकच नोंद, माझी.

ताईंनी आईला जेवायला हाक मारली. तिला बघितलं त्यांनी! पलीकडची रडतेय — नको म्हणते, अगदी आईसारखी — दाबलं —

आई, तुला एक मुलगी होती. तिचं नाव