भाकरीचा पापुद्रा

जुळे सोलापूर

चि. दानेश्वरी,

हळदीतला अंश मेंदूच्या गाठीतल्या पेशींच्या आवरणात शिरतो, अन् ते भाकरीच्या पापुद्र्यासारखं फाटतं, असं तू प्रयोगशाळेतून फोनवर सांगितलंस. "पण काचेच्या बशीत, काका! खाल्लेली हळद मेंदूपर्यंत पोचत न्हाय," हेही सांगितलंस. तुझ्या काकूनं पहिलं तेवढंच ऐकलं.

रोज हळदीचं दूध प्यायची अन् ओकायची. गाठीनं तिची नजर अन् चव आधीच नेलीय, म्हणून काल मी गुपचूप साधं दूध दिलं. ते पोटात टिकलं.

"बघा, गुण आला की! आता डोकं कशाला फोडून घ्यायचं?" म्हणाली, अन् उद्याच्या ऑपरेशनला नाही म्हणून बसली.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय: खरं सांगावं तर तिचा माझ्यावरचा विश्वास तुटंल, लपवावं तर ऑपरेशन हुकंल. हे पत्र धाडून तुझा जीव कशाला जाळू, पोरी? आतल्या खोलीतून तिची हाक येतीय, "अहो, आज हळद जरा जास्तच घाला की!"

तुझा,
अण्णाकाका