मौनाचे आठ दिवस

४ एप्रिल
छावणीत बाईंकडे. सत्तरी उलटली, तरी आवाज शिकवताना बाई उभ्याच असतात. "घशातून ओढतेस गं. आधी श्वास पोटात जाऊ दे, मग शब्द." ओठांची फुरफुर, खर्ज, मग एका श्वासात 'स' लांबवायचा. माझा अठरा सेकंद. नाटकाचा प्रयोग २५ला. आईची भूमिका. एवढी मोठी पहिल्यांदाच.

७ एप्रिल
घरात सराव म्हणजे शेजाऱ्यांना ताप. समोरची इमारत अर्धवट आहे. पाणी नाही म्हणून काम बंद, वॉचमनही गावी गेलाय. सकाळी साडेसहाला तिथं दुसऱ्या मजल्यावर जाते. भिंती नाहीत, नुसते खांब. तरी आवाज घुमतो. कशावर आदळतो कोण जाणे.

१२ एप्रिल
घसा गेला. गल्लीत दोन दिवस बोअर घेतायत, नुसती धूळच निघाली. डॉ. म्हणाले स्वरयंत्राला सूज, आठ दिवस एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. दिग्दर्शकाचा मेसेज: बदली बघून ठेवतो. रडले. तेही आवाज न करता.

१४ एप्रिल
पाटी घेऊन फिरते. शिरीष खूश. "लग्नाला चौदा वर्षं झाली, आज माझं वाक्य पूर्ण झालं."
टँकरच्या रांगेत खालच्या मजल्यावरच्या रेहानाभाभी. "आज सुबे का रियाज सुनी मैं. एकदम साफ आवाज!" पाटीवर लिहिलं, परवापासून मौन आहे. वाचून हसल्या. "क्या मजाक करते भाभी."

१५ एप्रिल
शिरीषनंही तो आवाज ऐकला. चहा टाकत होता, मी शेजारी उभी. साडेसहा. समोरून खर्ज, मग फुरफुर. माझ्याच आवाजात. त्यानं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खिडकीकडे.
मग 'स'. मी मोजत होते. चाळीसच्या पुढे मोजायचं सोडलं.

१६ एप्रिल
शिरीष समोरच्या इमारतीत वर जाऊन आला. "कोणी नाही. काही ऐकू पण येत नाही तिथं."
तो वर उभा होता, मला गॅलरीतून दिसत होता. आवाज चालूच होता. त्याच्या अगदी पाठीमागून.
हे त्याला पाटीवर लिहून दाखवलं नाही.

१८ एप्रिल
बाईंना रिक्षानं आणलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. आज दुसऱ्या अंकातलं स्वगत, सबंध. माझं जिथं हमखास अडखळतं तिथंही...
"श्वास बरोबर घेतेय," बाई म्हणाल्या.
शिरीष चिडला. "बाई, ही आहे कोण?"
"ते मला कसं कळणार? मला आवाज तेवढा कळतो. ही थकत नाही." जिना उतरताना त्यांनी माझा हात सोडला नाही.
खरं लिहायचं तर मला भीतीपेक्षा मत्सर जास्त वाटला.

२० एप्रिल
मौन सुटलं. डॉ. म्हणाले, बोला. "शिरीष," म्हटलं. तो 'ओ' द्यायला जरा थांबला. मग म्हणाला, "तूच ना?"
भूमिका माझ्याकडेच राहिली. उद्यापासून शेंद्र्याला कंपनीत कामावर.

२१ एप्रिल
साडेसहा. दोघं गॅलरीत. आज फुरफुर नाही, खर्ज नाही. थेट तिसरा अंक. पण आईची वाक्यं नाहीत, मुलीची. ती भूमिका दुसरीच करते. आवाज मात्र माझा.
"आई, मला आत घेतेस ना?"
आणि थांबली. पुढचं वाक्य माझं.
खाली टँकर आला, बायकांची भांडणं सुरू झाली. समोर तशीच शांतता. शिरीषनं माझा दंड धरला. "नको."
वाक्य दोनच शब्दांचं. ये, बाळा. जिभेवर आलं होतं. मी श्वास घेतला, पार पोटापर्यंत. समोरूनही श्वास घेतलेला ऐकू आला.
बोलले नाही.
आठ वाजलेत. शेंद्र्याची बस साडेआठला. शिरीष खिडकी लावतोय. समोर ती अजून माझ्या वाक्यासाठी थांबलेली.