दहाव्याची बडीशेप

खुशीच्या बाबा,

पत्ता नाही, तरी लिहून राह्यली.

कॅन्सर निघाला तवा मारेगावच्या डॉक्टरनं तुमाले बिडी सोडाले लावली. कापूस भावाविना घरात पडला होता, तशा सालात तुमी बडीशेप चघळून दिवस काढले. मी मात्र रोज सांजच्याले तुमच्या तोंडाले बिडीचा वास येते काय, पाहत होती. तुमी मुकाट्यानं तोंड पुढं करत.

आज दहाव्याले कावळा पिंडाले शिवेना. घनश्यामभाऊजी म्हणे, "बिडी ठेवा, वहिनी. जीव तिच्यातच अटकला असन." मलेबी तसंच वाटलं. ठेवली. कावळा हालला नाही.

मंग तुमच्या सदऱ्याच्या खिशातली बडीशेप ठेवली. लगेच शिवला.

कावळ्याले पटलं. मले काहून पटलं नाही जी?

तुमची
इंदू