बिहोगोची वार

म्बरारा, १२ जून

प्रिय कोबुसिंगे ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे भावोजींच्या हाती देते आहे. तुम्ही सगळे बरे असाल. मीही बरी आहे. खरंच बरी आहे, आणि हे लिहायला आज प्रथमच हात धजावतोय.

आधी गाईचं. बिहोगोनं दिवस भरण्याआधीच वासरू टाकलं आणि मी वासरामागची तिची वार प्रयोगशाळेत तपासायला घेऊन निघाले, तेव्हा तू म्हणालीस, "आईच्या कळपाला रोगी ठरवतेस? शिकून हेच केलंस!" ताई, रोग होताच. पण तो तुला दिसला नाही, यात तुझं काही चुकलं नव्हतं. आम्ही प्रयोगशाळेत कत्तलखान्यातून आणलेल्या निरोगी वारेच्या तुकड्यांवर तेच जंतू सोडून पाहिले. मला वाटलं, वार लगेच पेटून उठेल. छे! पहिले काही तास ती अगदी गप्प. जंतू आत शिरून तिची धोक्याची ओरडच दाबतात आणि निवांत वाढतात. ती ओरडू लागते तोवर उशीर झालेला असतो. गाय आदल्या दिवशी धडधाकट दिसली, ती दिसणारच होती.

कळपात बिहोगोखेरीज तिची बहीण तेवढी रोगी सापडली. दोघींना वेगळं बांधा. बाकीच्यांचं रक्त महिन्याभरानं पुन्हा बघू. आणि दूध उकळूनच प्या, हे जंतू माणसालाही लागतात. भावोजी म्हणाले, "उकळलेलं दूध आजाऱ्यानं प्यावं!" मी म्हटलं, "मग आधी आजारी पडा, नंतर प्या."

आता दुसरं. वार ओढताना माझा हातमोजा फाटला, तू पाहिलंस. मी हसण्यावारी नेलं. ताई, तेव्हा मला दिवस गेले होते. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली तेव्हा तुझ्याच मांडीवर रडले होते, म्हणून या वेळी कुणालाच सांगितलं नाही. रोज वारेच्या त्या गप्प पेशी बघायच्या आणि पोटावर हात ठेवायचा. ताप नव्हता, दुखत नव्हतं. पण काहीच न होण्यावर माझा विश्वास उरला नव्हता.

काल माझ्या रक्ताच्या दुसऱ्या तपासणीचा निकाल आला. रक्त स्वच्छ! प्रयोगशाळेच्या मॅडम एवढंच म्हणाल्या, "निनसीमा, घरी जा आणि पोटभर जेव." मी फाटकापाशीच बसून भाजलेली केळी खाल्ली आणि मनसोक्त रडले. बाळ लाथा मारत होतं.

ऑगस्टात येते. गोठ्यात पाय ठेवणार नाही, तुझ्या चुलीपाशी बसेन. रागवायचंच असेल तर समोर बसवून रागव, पण दार उघड.

तुझीच, आणि या खेपेला एकटी नसलेली,
निनसीमा