भिंतीतली वीट

शकूरभाई, हौसाभाभीचा सलाम घ्या.

धामणकर नाक्यावर स्वेटरवाले बसलेत, म्हणजे थंडी आली. काल गोधड्या उन्हात घातल्या, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि दरवर्षीच्या सवयीने आपल्या कारखान्याकडच्या भिंतीतली ती वीट काढली. तिथून तुम्ही चालवायचात त्या कापडाच्या लूमची गरम हवा घरात यायची. काल गार वारा आला. पलीकडे आता एकही लूम नाही, हेच मी विसरले होते.

माझा भाविक तान्हा असताना त्याची छाती भरली होती, आठवतं? तुम्ही सकाळी आल्या आल्या भिंतीपलीकडून ओरडायचात, "भाभी, पहले दीवारवाला लूम चालू करता हूँ, बच्चे को गर्मी मिलेगी." तो सगळा हिवाळा मी त्याला त्या भोकापाशीच निजवला.

लूम विकले तेव्हा मी तुम्हाला म्हटलं, "काय करू, भाविक ऐकतच न्हाय." तुम्ही पेटी उचलून तुमच्या मुलखाला, गावी गेलात. ज्या पोराला ऊब दिली त्यानेच घालवलं, असं वाटत असेल तुम्हाला. शकूरभाई, भाविक तर विकायला नकोच म्हणत होता. त्या खडखडाटाने माझं डोकं उठायचं, हट्ट मीच धरला. तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पोराचं नाव पुढे केलं.

आता घर एकदम शांत आहे आणि मला झोप लागत नाही. वीट अजून परत बसवलेली नाही.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. हे हिंदीत लिहून देईल असा घरात एकच माणूस आहे, भाविक.

तुमची भाभी,
हौसा