पोराच्या हातचं पाणी

तळेगाव (श्यामजी पंत)
९ फेब्रुवारी २००३

चि. प्रफुल,

ताईचे आशीर्वाद. इकडे बरं आहे. आईचे गुडघे तसेच. दुकान मीच उघडते.

तुझं पत्र पोचलं. बाबांच्या वर्षश्राद्धाले नागपूरले सगळ्यांना बोलावलं, चांगलं केलं. पण लिहिलं काय, तर "बाबा माझ्यासाठीच थांबले होते, माझ्या हातचं पाणी घेऊन गेले." भैयाजी मामा तर हे घरोघरी सांगत फिरते. वर्षभर तोंड शिवून बसली मी. आता नाई होत.

थांबले नव्हते रे ते. बरे होऊन राह्यले होते.

लकवा मारला तवाच डॉक्टरीणबाईनं मले बसवून समजावलं होतं. रक्ताची गाठ अडकली, मेंदूचा एक तुकडा मेला. मग अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी तिकडं धावतात, अन् मेलेलं साफ करता करता बाजूचं जितंही सुजवून टाकतात. म्हणे, "मधले काही दिवस जास्तच खराब दिसतील, घाबरू नका, सूज उतरेल. पण अशा वेळी बाकी अंगाची राखण ढिली पडते, अन् त्यांना गिळता येत नाही. तोंडानं थेंबही देऊ नका, छातीत जाईल." खाटेवर पाटी लावली होती तशी.

तू दवाखान्यात आला तवा बाबा गुंगीत होते. मी औषधं आणाले खाली गेलती. मामा म्हणे, "चालले आता, पोराच्या हातचं पाणी पडू दे." अन् तू गंगाजलाचा गडू फोडला. पाटी वाचता येत नव्हती तुले? मी वर आली तर बाबा खोकून खोकून निळे पडलेले.

दुसऱ्या दिवशी सूज उतरली. डोळे उघडले. मले पाहून म्हणाले, "चा." चहा मागितला त्यांनी, प्रफुल! तू बाहेर फोनवर नातलगांना बोलावून राह्यलता. मी म्हटलं, "थोडं थांबा बाबा, गिळता आलं की देते."

संध्याकाळी ताप भरला. छाती घरघरू लागली. न्यूमोनियानं नेलं त्यांना, लकव्यानं नाई.

आईनं माझ्यापुढं हात जोडले होते, "एकुलता एक आहे, त्याले सांगू नको." म्हणून गप्प राह्यली. पण त्या पाण्याचं पुण्य तू मिरवतं, अन् माझा जीव जळते.

श्राद्धाले मी येत नाई. आईले घेऊन जाजो. बाबांच्या पानाजवळ पाणी ठेवू नको. कपभर चहा ठेवजो, साखर जास्तीची.

तुझी, अजून तरी,
कांताताई