सात नंबरची काठी कशावर वाकली

रवि. १ डिसेंबर २००२
आज दुरुस्तीला चार काठ्या आल्या. दोन गुडघ्यावर मोडलेल्या, एक मोटारीच्या बोनेटवर आपटलेली, एक दगडावर. गोल्फला सभ्य माणसांचा खेळ म्हणतात. म्हणणाऱ्यांनी सोमवारी सकाळी विश्रांतवाडीला माझ्या गॅरेजात येऊन बसावं.

वहीत चढवल्या. कंपनी, नंबर, कारण. २९ तारखेला या वहीवरून मी निकाल सांगायचा, यंदा कोणत्या कंपनीचं वर्ष. ब्रॅमली, केल्टन, नाहीतर ती जपानी ओरिमा. कॅडी लोक आतापासून पेटलेत. बापजन्मात एक काठी विकत घेतली नाही कुणी, पण ज्या साहेबाची बॅग खांद्यावर, त्याची कंपनी म्हणजे आपली आई. गेल्या वर्षी ओरिमावाल्याचा दात पडला होता.

नियम माझेच. जिंकलेली स्पर्धा अधिक, मोडलेली काठी उणे. रागात मोडलेली उणे धरायची नाही, तो माणसाचा दोष, लोखंडाचा नाही. आणि साहेब कार्डावर काहीही लिहो, फटके आपण खरे मोजायचे. कार्डावर विश्वास ठेवला तर सगळ्याच कंपन्या पहिल्या येतील.

गुरु. ५
येरवड्याला चहाच्या टपरीवर गेलो आणि हाणामारीतच सापडलो. यशवंता (ब्रॅमली) आणि रफीक (केल्टन). दोघेही पस्तिशीचे, पोराबाळांचे. यशवंता म्हणाला, केल्टनचं डोकं म्हणजे पत्र्याचा डबा. रफीकने त्याच्या तोंडावर गरम चहा उडवला. मग ग्लास फुटला, बाकडं पालथं. यशवंता रफीकची मान काखेत धरून ठोसे घालतोय, रफीक त्याच्या मांडीला चावतोय.

दोघांना एकेक ठेवून दिली. पंचावन्नाव्या वर्षीही हात बसतो. बसला तेव्हा बरं वाटलं, हे मात्र बरं नाही.

टोटल अजून बरोबरीत. दोन्ही कंपन्यांच्या नऊ स्पर्धा. ओरिमा मागे पडली.

मंगळ. १०
सबनीस साहेबांचा ड्रायव्हर आला. साहेबांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. बॅग नेहमी रफीक उचलतो. केल्टनची सात नंबरची काठी, वाकलेली. ‘साहेब म्हणाले, झाडाला लागली. शनिवारपर्यंत नवा दांडा टाका.’ काठी ठेवली आणि गाडी बंदही न करता गेला.

व्हाइसच्या जबड्यात आवळून धरली. झाडावर दांडा एका जागी चेपतो, साल घासते, वर्ख निघतो. इथे ओरखडा नाही. गुडघ्यावर मोडला तर बरोबर मध्यावर. हा वाकलाय लांब, मऊ. आणि वीतभर खाली पुन्हा एकदा. दोन वाकणं. झाडाला कुणी लागोपाठ दोनदा लागत नाही.

काठीचं डोकं धुतलेलं. डेटॉलचा वास. बॅगेतली एकच काठी डेटॉलने कोण धुतो?

रफीक रविवारनंतर टपरीवर आलेला नाही. जिन्यावरून पडला म्हणतात.

बुध. ११
झोप नाही. दांडा बदलला, जुना फळीवर ठेवलाय. सारखं तिकडे बघतोय.

लिहूनच टाकतो. लोखंड हाडावर कसं वाकतं हे मला माहीत आहे. आमच्या कारखान्यात संप होता तेव्हा तांबे नावाचा फिटर मागच्या फाटकातून कामाला जायचा. घरी तान्हं मूल होतं म्हणे. मी पाइप घेऊन भिंतीआड उभा राहिलो. तोंडाला रुमाल होता, तरी त्याने ओळखलं. त्याने हात वर केला, मी मारला. हात खाली गेला, पुन्हा मारला. पाइप असाच वाकला होता, दोन जागी. आवाज ओली काटकी मोडल्यासारखा. त्याने पोलिसांना सांगितलं, बसमधून पडलो. बारा वर्षं झाली. हे मंगललाही ठाऊक नाही. नवरा तापट आहे एवढंच तिला माहीत.

कारणाचा रकाना कोरा ठेवलाय.

शनि. १४
रफीककडे जाऊन आलो. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, कानामागे टाके, डोळा काळानिळा.
‘पाय घसरला काका, जिन्यावरून.’
त्याची आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘हमारे घर कू जीना हैच कहाँ?’
खरंच. एक खोली, दारात उंबरासुद्धा नाही.

आई पाण्याला बाहेर गेली तेव्हा बोलला. रविवारी साहेबांबरोबर परदेशी पाहुणे होते, मोठं काम मिळायचं होतं. शेवटच्या खड्ड्यावर साहेब म्हणाले, फाइव्ह. हा म्हणाला, ‘सर, सेवन.’ पाहुणे हसले. साहेबही हसले. पाहुण्यांची गाडी गेल्यावर साहेबांच्या गाडीमागे, डिकी उघडी, काठी साफ करून देतो म्हणून हा वाकला होता.

‘का बोललास रे?’
‘डिसेंबर ना काका. आपल्या वहीतली केल्टनची स्पर्धा होती. तुम्हीच म्हणता, मोजायचे ते खरे.’

माझा नियम, त्याचं हाड.

निघताना हात धरला माझा, डाव्या हाताने. ‘कुणाला सांगू नका. यशवंताला तर नाहीच. तो खून करील.’ नऊ दिवसांपूर्वी हाच त्याच्या मांडीला चावत होता. मग विचारतो, ‘केल्टन पुढे आहे ना?’
सात मोजल्यामुळे ती स्पर्धा केल्टन हरली, हे त्याला नीट ठाऊक आहे. तरी विचारतो.

मंगळ. १७
सबनीस साहेब स्वतः आले. काठी हातात तोलून बघितली. ‘वा मिस्त्री. जुना दांडा?’
‘भंगारात.’
हसले. ‘रफीकचं कळलं ना? वाईट झालं. उपचाराचं मी बघतोय.’ मग भिंतीवरचा मेघाचा पदवीदानाचा फोटो पाहिला. ‘मुलगी? एमसीए? आणि घरी बसलीय? बायोडेटा पाठवा. शेवटी आपलीच माणसं.’

आवाज मऊ, नखं स्वच्छ. समोर हातोडी होती. हातोडी आणि त्यांचं कपाळ यांत एक हाताचं अंतर. माझ्या बोटांनी ते मोजलं, मी नाही. मी म्हणालो, ‘पाठवतो साहेब.’

ते गेल्यावर ग्राइंडरचं झाकण ठोकून चपटं केलं. मंगल दारात येऊन बघून गेली. ‘झालं का? आता सरळ करत बसा.’

शनि. २१
यशवंता आला. सबनीसाच्या ड्रायव्हरकडून त्याला सात नंबरचं कळलं होतं. तीन-चार जणांची नावं घेतली, सगळे तयार आहेत म्हणाला. गाडीचा नंबर, सबनीस कोणत्या वाराला एकटा खेळतो, सगळी माहिती काढून ठेवलीय.
‘जिना-बिना आम्हाला सांगू नका, काका. तुम्ही फक्त बोला, झाड का माणूस. तुमच्या वहीत आलं की झालं. बाकी आम्ही बघतो.’
‘बघतो म्हणजे?’
‘दोन्ही हात.’
‘आणि नंतर तुरुंग. तुझ्या घरासमोरच आहे, डबा पोचवायला सोपं.’
‘चालेल,’ म्हणाला. गंमत करत नव्हता.

तोंडाने त्याला हाकललं. मनातून त्याच्याबरोबर जायचं होतं, माझा जुना पाइप घेऊन.

बुध. २५
मेघाला पत्र आलं. २ जानेवारीला मुलाखत. सहा महिन्यांत पहिलं. जिथे तिथे फ्रेशर नको, भरती बंद, हेच ऐकून पोरगी वाळून गेली होती. आज घरभर नाचली. मंगलने शिरा केला. माझी वाटी मी मेघापुढे सरकवली.

संध्याकाळी मेघाला सगळं सांगितलं. तांबे सोडून. म्हणाली, ‘बाबा, झाड लिहा ना. कॅडींची एक वही आहे ती. कोर्ट आहे का?’
हात उगारला. तिच्या कानापर्यंत गेला असेल. तिने आपला हात वर केला, तोंडासमोर आडवा. बरोबर तसाच.

खाली घेतला. गॅरेजात येऊन बसलोय. ती वर रडतेय, इथपर्यंत ऐकू येतंय. माझी लाज वाटते मला. एवढंच लिहायचं होतं.

शनि. २८
बेरीज तीनदा केली. ब्रॅमली आणि केल्टन, जिंकलेल्या स्पर्धा सारख्या. उणे करायच्या काठ्याही सारख्या. उरली ती एकच. सात नंबर.

झाड लिहिलं तर उणे. केल्टन हरली, ब्रॅमलीचं वर्ष, मेघाची नोकरी, रफीकचा जिना. माणूस लिहिलं तर रागात वाकलेली, उणे नाही, बरोबरी; गेल्या वर्षी ब्रॅमली जिंकली होती, म्हणून बरोबरीत केल्टनचं वर्ष. आणि दुसऱ्या दिवशी सबनीसाचे हात, यशवंता आत, त्याची तीन पोरं रस्त्यावर.

काहीच न लिहिण्याची सोय मीच ठेवली नाही. कोरा रकाना चालणार नाही, हा नियमही माझाच. शहाणा माणूस.

रवि. २९
ओठाला टाका पडलाय, बरगडी ठणकतेय, हळू लिहितोय.

टपरीमागे सगळे जमले, वीस-बावीस जण. रफीक आला, हात गळ्यात. मी यादी वाचत गेलो. ओरिमा संपली, कुणी भांडलं नाही. यशवंताच्या मागे पोत्यात काहीतरी होतं, लांब. पोतं माझ्याकडूनच नेलेलं, मोडके दांडे भरलेलं.

‘केल्टन, सात नंबर,’ म्हणालो आणि थांबलो.
यशवंता म्हणाला, ‘बोला.’ माणूस म्हटलं तर त्याची ब्रॅमली हरते, त्याला माहीत होतं. तरी म्हणाला, ‘बोला काका, खरं काय ते.’
‘माणूस. दोनदा.’
पोत्याचं तोंड सुटलं. माझ्या बाकावरचा ओरिमावाला हळूच म्हणाला, ‘कशावरून पण? झाडसुद्धा असेल.’ बिचारा भांडण टाळत होता.

तेव्हा सांगितलं. तांबे, भिंत, रुमाल, पाइप. दोन वाकणं. किती जोरात मारलं, आवाज कसा आला, तेही. आजवर कुणाला सांगितलं नाही ते वीस जणांना, दिवसाढवळ्या. म्हणालो, ‘ज्याला हात मोडायचे असतील त्याने इथून सुरुवात करा. मी जवळ आहे, सबनीसाला शोधत जावं लागेल.’

यशवंता पुढे आला. वाटलं, थांबेल. नाही थांबला. मुठीनेच मारली, तोंडावर. पडलो तर बाकाची कड लागली. ‘तुम्हाला आम्ही काका म्हणतो!’ ओरडत होता. लाथ घातली बरगडीत. दुसरी घालणार तोच रफीक मध्ये आला, प्लास्टरचा हात पुढे करून. यशवंताची लाथ त्या प्लास्टरला लागली. रफीक खालीच बसला, पांढराफटक. यशवंता त्याच्याशेजारी मातीत बसला आणि पोरासारखा रडला. बाकीच्यांना काय करायचं ते कळेना. पोतं तिथेच पडून राहिलं.

केल्टन जिंकली हे कुणीच म्हणालं नाही.

थोड्या वेळाने रफीक मला म्हणाला, दम घेत घेत, ‘उद्या चौकीत जातो. सबनीसाचं नाव सांगतो, जिना नाही. तो जुना दांडा तुमच्याकडे आहे ना?’
‘आहे.’
‘मग या बरोबर. दांडा दाखवाल तर ते विचारतील, तुम्हाला कसं कळतं. मग तांबेचं पण सांगाल?’
रागाने नाही विचारलं. फटके किती हे विचारतात तसं विचारलं.
मी म्हणालो, ये दहाला.

सोम. ३०
पहाटेच उठलो. बरगडी दुखते, खोकता येत नाही. मंगलला चहा घेताना सांगितलं, सगळं. कप खाली ठेवला. ‘बारा वर्षं माझ्याशेजारी जेवलात,’ म्हणाली. आत गेली. अजून बाहेर आलेली नाही.

मेघाने मुलाखतीचं पत्र आणून माझ्यासमोर ठेवलं. फाडलेलं नाही. मला कळत नाही, चौकीत जा म्हणतेय का जाऊ नका.

पावणेदहा. दांडा वर्तमानपत्रात गुंडाळलाय. तांबे कुठे राहतो, त्याचा हात पुढे चालला का, फिटरचं काम जमलं का, हे मी बारा वर्षांत एकदाही कुणाला विचारलेलं नाही. चौकीत पहिलं तेच विचारतील. खाली फाटक वाजलं.